आचल, अविवाहित

पियुषनं कुंदनच्या बायकोचं नाव टाइप केलं, आणि ते कोणाला न विचारता टाइप केलं. झालं ते एवढंच. अकोल्याच्या समाजभवनात, मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांदेखत, भिंतीवरच्या पडद्यात पहिल्या चौकटीत त्यानं 'कुंदन' लिहिलं आणि दुसऱ्या चौकटीत जराही न अडखळता 'आचल' लिहिलं. पुढं वडिलांचं नाव भगवंतराव, गाव तेल्हारा. कुंदनची बायको लग्नाच्या दिवसापासून पौर्णिमा आहे. आधार कार्डावर पौर्णिमा, गॅसच्या पुस्तकावर पौर्णिमा, पोरीच्या शाळेत पालक म्हणून पौर्णिमा. पियुष घरी येतो तेव्हा तिला वहिनी म्हणतो, आणि तेही जास्तीचा 'हो' लावून. जीभ अशी शहाणी झालेली, मग बोटांना कुठून आठवलं? कुंदन पडद्याकडे पाहायचं सोडून पियुषच्या बोटांकडेच पाहत राहिला. माणसांच्या बारीकसारीक गोष्टी जमेला आणि नावेला टाकायची त्याला सवयच होती. कोण चहा आला की आधी दुसऱ्यापुढं सरकवतो, कोण खुर्ची ओढताना मागं पाहतो. ही नोंद कोणत्या बाजूला टाकायची ते मात्र त्याला उमगेना. तोवर पडद्यावर कुंदनपासून आचलपर्यंतची वाट उमटली होती. कुंदनच्या गाठीतून एक धागा निघाला, त्यावर लिहिलेलं 'भागीदार', तो पियुषच्या गाठीपाशी गेला; तिथून दुसरा धागा निघाला, त्यावर 'पसंत, दोन्ही बाजूंनी', आणि तो आचलच्या गाठीत जाऊन थांबला. गाठीवर फोटो होता, तेल्हाऱ्याच्या स्टुडिओतला, मागं रंगवलेला धबधबा, पिवळा ड्रेस, दोन्ही खांद्यांवर पिना लावलेली ओढणी. खाली यंत्रानं वय आपलं आपण वाढवत आणलं होतं आणि पुढं लिहिलं होतं: अविवाहित. मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव मघापासून रागानं फुगलेले होते, ते एकदम फुटले. "अबे कुंदन, तुह्या बायकोकडं जायची वाट याच्या घरावरून जाते का लेका?" सगळं भवन हसलं. कुंदनही हसला. पियुष हसला, पण जरा उशिरानं. ही नोंद कुठं टाकायची ते कुंदनला बरोबर कळलं.

उत्तमराव फुगले होते त्याला कारण होतं, आणि चूक म्हटली तर कुंदन-पियुष दोघांचीही होती. मंडळाचा उपवर परिचय मेळावा जवळ आला होता. या वर्षी छापील पुस्तिकेच्या जोडीला मोबाइलवरही स्थळं दिसावीत, म्हणून अमरावतीच्या या दोघांच्या छोट्या कंपनीला काम मिळालेलं. पियुषनं त्यासाठी एक नवाच डेटाबेस आणला. जुन्या पद्धतीत तक्त्याला तक्ता जोडत बसावं लागे. काका कोणाचा, मामकूळ कोणतं, हे काढताना तक्ते एकमेकांत अडकायचे. या नव्यात माणूस म्हणजे गाठ आणि नातं म्हणजे धागा. मुलीचा पूर्ण अर्ज गाठीच्या पोटातच राहतो, फोटोही तिथंच. आणि धाग्यालासुद्धा स्वतःचं पोट असतं, नातं कधी जुळलं, कुठं, मध्यस्थ कोण, सगळं त्यात. "एकाच पोत्यात गहू, तूर, हरभरा, आन तरी मिसळत नाही," असं पियुषनं उत्तमरावांना समजावलं होतं. कुंदनला ते वाक्य आवडलं होतं, आणि आपल्याला सुचलं नाही म्हणून आवडलंही नव्हतं. मंडळाच्या जुन्या पुस्तिका, पाहण्याच्या कार्यक्रमांच्या नोंदी, कोणी कोणाला पसंत म्हटलं, कुठं मोडलं, सगळं कुंदननं चढवलं. आणि आज उत्तमरावांनी कौतुकानं आपल्या करिश्माचं नाव घालायला सांगितलं, तर यंत्रानं पहिलंच स्थळ काढलं ते तिच्या सख्ख्या मावसभावाचं. "हे तर माह्या साळीचं पोट्टं हाये! बहिणीले भाऊ दाखवून राहिले का बे तुमी?" पियुषला लगेच कळलं आणि कुंदनला त्याच्या पाठोपाठ, म्हणजे नेहमीसारखंच. आपल्याकडं पोरगी लग्नाच्या दिवशी नाव बदलते. बहिणी-बहिणी असतात त्या माहेरच्या नावांनी. मुलांच्या अर्जात आई असते ती सासरच्या नावानं. प्रत्येक बाई यंत्रात दोनदा होती आणि दोघींत धागा नव्हता. सगळा समाज बायकांच्या कमरेत मधोमध तुटला होता, आणि तो चढवताना दोन पुरुषांच्या ते लक्षात आलं नाही, कारण दोघांचीही नावं जन्मापासून एकच. मग वेळ मारून न्यायला पियुष म्हणाला, "थांबा काका, आपलंच नाव टाकून पाहू," आणि त्याची बोटं चालली.

परतीच्या वाटेवर गाडी पियुष चालवत होता. बोरगाव मंजू मागं पडलं. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडत आलेली, मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. पियुषला गप्प बसवत नाही. तो डेटाबेसच्या कंपनीकडून आलेल्या मेलबद्दल सांगत होता. वापरणाऱ्यांचे अनुभव मागवलेत, काय आवडलं, काय आवडलं नाही, कोणती अडचण सुटली, आणि पाचांपैकी किती तारे. "तूच लिही बे. चढवलं तर तूच." कुंदन बरं म्हणाला आणि मनातल्या मनात लिहूही लागला. काय आवडलं: वेगळे वेगळे डबे करावे लागत नाहीत. काय आवडलं नाही: शिकायला जड आहे, अडलं तर विचारायला कोणी नाही, आणि चार-पाच धाग्यांपलीकडचं विचारलं की धापा टाकतो. पुढं त्याच्या मनात आलं की एका-दोन धाग्यांतलं मात्र फार पटकन सांगतो, सांगू नये इतक्या पटकन. तसं पाहिलं तर यात नवं काहीच नव्हतं. पियुष तिला पाहायला गेला होता हे कुंदनला लग्नाआधीपासून माहीत होतं, पियुषनंच कॉलेजच्या ओळखीनं सांगितलं होतं, "मीबी पाहून आल्तो लेका, चांगलं घर हाये." वऱ्हाडात हे असंच असतं. एका गावातल्या पोरी दहा गावच्या पोरांनी पाहिलेल्या असतात, आणि मग कोणाच्या तरी बारशाला सगळे एका पंगतीत जेवतात. पियुषचं स्थळ मंडळातून गेलं होतं म्हणून त्याची नोंद झाली. पसंती झाली, नंतर पियुषनं नोकरी सोडली, भगवंतरावांनी दोन महिने वाट पाहून नाही कळवलं. कुंदनचं स्थळ नेलं ते लांबच्या नात्यातल्या नत्थुजींनी, तोंडी. मंडळाच्या दप्तरात त्याचा मागमूस नाही. म्हणजे यंत्राच्या हिशोबानं पियुष तिच्या दारी गेला होता आणि कुंदन कधी गेलाच नव्हता. तो एकदम पडद्यावर, तिच्याशेजारी, नवरा म्हणून उभा होता. तोही पौर्णिमा नावाच्या दुसऱ्याच कुठल्यातरी बाईच्या शेजारी.

मूर्तिजापूरला चहाला थांबले तेव्हा त्यानं विचारलं. विचारायचं होतं वेगळं, तोंडातून आलं वेगळं. "आता या दोन-दोन गाठींचं काय करतं?"

"काही नाही. मधात एक धागा टाकू. 'हीच ती'. माहेरची गाठ तशीच राहीन, सासरची तशीच राहीन, यंत्राले समजीन का बाई एकच."

"त्यापेक्षा मिसळून टाकू न. सासरचं नाव ठिव, माहेरची गाठ पुसून टाक. एक बाई, एक गाठ."

"पुसली तर तिचं मागचं जाते बे सारं. बहिणी, शिक्षण, कोण पाहून गेलं..."

"गेलं तर गेलं. कोणाले पाह्यजे ते?"

पियुषनं कप खाली ठेवला आणि त्याच्याकडं पाहिलं. "काहून रे? मघाचं मनावर घेतलं का? डाटा जुना हाये, यार." मग हसून म्हणाला, "माह्या घरी पाह्य, वर्षालीचं नाव मी बदललंच नाही. ती यंत्रात एकच हाये. कटकटच नाही." त्याला काही टोचायचं नव्हतं. न टोचता बोलण्याची ही जी त्याची तऱ्हा होती, तिचाच कुंदनला जास्त त्रास व्हायचा. बडनेरा येईपर्यंत तो एकच गोष्ट घोळवत राहिला. भगवंतरावांनी आणखी दोन महिने वाट पाहिली असती, तर ती आज आचलच असती. त्याच्याकडं येण्याची किंमत तिनं नाव देऊन भरली होती, आणि पियुषकडं तेवढीही पडली नसती.

नाव त्यानंच ठेवलं होतं. म्हणजे आईनं, माणिकबाईनं म्हटलं, "आचल कायचं नाव? पदराले हिंदीत आचल म्हणतेत. लोक हासतीन." मग त्यानं दोन नावं सुचवली, आईनं एक उचललं. मांडवात पितळी ताटात तांदूळ पसरले, अंगठी त्याच्या हातात दिली, आणि त्यानं तांदळात पौर्णिमा लिहिलं. र्ण काढताना तांदूळ घसरले, भटजी म्हणाले चालते, चालते. ती शेजारी मान खाली घालून बसली होती, तिला ताट दाखवलं. तिनं ते वाचलं. कुंदनला आता, साईनगरच्या आपल्या घराचा जिना चढताना, ते वाचणं जसंच्या तसं दिसलं. अनोळखी स्टँडवर बस थांबली की माणूस खिडकीतून पाटी वाचतो, आपलं गाव आलं का ते पाहायला, तसं तिनं वाचलं होतं. आणि मग उतरली होती. त्यानंतर तिनं कधी कुरकुर केली नाही. पण तेल्हाऱ्याहून फोन आला की ती उठून गॅलरीत जाते, आणि तिकडून कोणीतरी 'आचल' म्हणत असणार, आणि ती हो म्हणत असणार. तो हो कुंदननं कधी ऐकला नव्हता. तो स्वतः तिला 'ऐक न' म्हणतो. पाहुणे असले तर पौर्णिमा. माणसांच्या एवढ्या नोंदी ठेवणाऱ्याच्या दप्तरात ही बाजू कोरीच होती.

ती खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. त्यांची पोरगी आकांक्षा पलीकडच्या खोलीत पाढे म्हणत होती. कुंदन हातपाय धुऊन समोर बसला आणि चार शेंगा पुढं ओढल्या, तेव्हाच तिनं ओळखलं की काहीतरी आहे.

"आज कायचं काम लागलं शेंगायशी?"

त्यानं मावसभावाची गोष्ट सांगितली. ती खळखळून हसली. मग, हसण्याच्या आडोशानं, त्यानं पुढचंही सांगितलं. पडदा, धागा, उत्तमराव काय म्हणाले. फोटोतला धबधबाही सांगितला. पियुषची बोटं सांगितली नाहीत.

"तो ड्रेस माह्या मामीचा होता," ती म्हणाली. "फोटोपुरता."

"पियुष कसा वाटला होता तवा?"

"आवो, इतक्या वर्षानं?"

"यंत्र म्हणते दोन्ही बाजूंनी पसंत."

"मंग यंत्रालेच इचारा न." तिनं शेंग उकलली, दाणे अंगठ्यानं परातीत लोटले. मग तुरीकडंच पाहत म्हणाली, "त्यायनं एक इचारलं होतं. आचल नाव कोनं ठेवलं म्हणून. म्या सांगतलं, आजोबानं. आजोबा नागपूरले गिरणीत होते, तिकडून आणलं त्यायनं ते नाव. मंग बसले आयकत."

म्हणून बोटांना पाठ होतं. कुंदनच्या छातीत काहीतरी बारीकसं, हिरव्या शेंगेतल्या अळीसारखं, वळवळलं. "आन मी? मी काय इचारलं होतं?"

"तुमी? तुमी काई इचारलं नाही. तुमच्या नत्थुजीनं इचारलं, स्वयंपाक येते का. तुमी पोह्यातले शेंगदाणे येचून खाल्ले."

पलीकडं सतराचा पाढा अडला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कुंदनला वाटलं आता हसून सोडून द्यावं. सोडता येईना. "पण यंत्रानं अविवाहित दाखवलं. तुले. हे काय बरोबर हाये?"

तिनं हात थांबवले. चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा होती, पण थट्टेच्या खाली जे काही होतं तिथवर त्याला जाता येत नव्हतं. "काहून नाही? आचलचं लगन झालंच कुठं? तुमी ताटात जिचं नाव लेहलं तिचं झालं." आणि परात उचलून ती आत गेली. सोललेल्या दाण्यांना वांग्यासोबत फोडणी पडली, ठसका आला, आणि जेवताना वांगं चांगलं शिजलं होतं का यावर दोघं बोलले.

सकाळी गाडगेनगरच्या ऑफिसात तो पियुषच्या आधी पोचला. पियुषनं रात्रीच घरून जुळवणी लिहून ठेवली होती. नवऱ्याचं नाव, लग्नाचं साल, मामकूळ पाहून यंत्र दोन गाठी समोर आणायचं आणि विचारायचं, हीच ती का? कुंदन हो म्हणत गेला. माहेरच्या सीमा सासरच्या कोणीतरी झाल्या, भावनांच्या सुनंदा झाल्या. धागा पडला की तुटलेलं अर्धं एकदम ओढलं जाई आणि पडद्यावर बहिणी बहिणींजवळ येत. करिश्माची आई आपल्या बहिणीला भेटली, आणि मावसभावाचं स्थळ आपोआप गळून पडलं. कामात एक सुख होतं, ते त्यानं अनुभवाच्या फॉर्मात लिहूनही टाकलं. मग तेल्हारा आलं. डावीकडं पिवळा ड्रेस, उजवीकडं पौर्णिमा, त्यांच्या लग्नाच्या अल्बममधली, डोळे अर्धे मिटलेली. हीच ती का?

पुसायचा अधिकार त्याच्याकडं होता. एक कळ, आणि पिवळा ड्रेस, धबधबा, आजोबांनी नागपूरहून आणलेलं नाव, 'पसंत, दोन्ही बाजूंनी', सगळं जाईल. पियुषच्या गाठीतून निघालेला धागा लोंबकळत राहील आणि रात्रीच्या साफसफाईत यंत्र तोही झाडून टाकील. पियुषच्या लक्षातही येणार नाही. बोट कळेपर्यंत गेलं. पण पुसून तो त्या बाईच्या जवळ जाणार नव्हता. ती नाहीशी झाली असती, आणि तिच्यापर्यंत त्याची अशी वाट कधीच झाली नसती. झाली होती ती फक्त पियुषची. हो म्हणून धागा टाकला असता, तर तीही पौर्णिमाच्या पदरात बांधून मिळाली असती, न मागता, पहिल्यासारखीच. कालपासून त्याला जो जाळ होता तो पियुषच्या नावानं होता. आता त्याला दिसलं की त्याला पियुषचा हेवा वाटत होता तो पसंतीचा नव्हता. पियुषला तिला विचारता आलं होतं, त्याचा होता. त्यानं 'हीच ती' तसंच सोडलं. आचलच्या गाठीवर गेला आणि आपल्या नावानं 'पसंत' दाबलं. यंत्रानं अडवलं: आपण विवाहित आहात. कुंदनला हसू आलं. मग त्यानं मागच्या दारानं, आपल्या अधिकारानं, हातानं धागा लिहिला. कुंदन, पसंत, आचल. धागा तुटक रेघेचा पडला, कारण दुसऱ्या बाजूनं होकार यायचा होता. तशी पद्धत त्यानंच घातली होती. मुलीच्या अर्जात जो नंबर असेल त्यावर निरोप जातो. नंबर कोणाचा हे त्याच्या ध्यानात आलं तोवर फोन वाजला.

"जावईबुवा, कामात हाये का?" भगवंतराव.

"बोला न बाबा."

"आवो, मोबाइलवर काही तरी आलं. आचलसाठी पसंती आली म्हणते. कोणाची हाये ते बारीक लेहलं हाये, चष्मा घरी राह्यला, मी वावरात हावो. खाली दोन बटनं हायेत, एक हिरवं, एक लाल. मंडळाची चूक दिसते. तुमचंच काम हाये म्हणून इचारलं. लाल दाबून देऊ?"

कुंदननं उत्तर द्यायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं विचारलं, "बाबा, मागं पियुषची आली होती तवा तिनंच हिरवं दाबलं होतं का?"

"तवा कायचं बटन? कार्यालयात कागद होता, त्यावर बरोबरची खूण करा लागे. म्या केली होती."

"तिनं नाही?"

"तिले कोण इचारते जी? पोट्टी च्या देऊन अंदर गेली, आमी खूण करून मोकळे. तुमच्या वक्ती तर कागदबी नव्हता."

म्हणजे 'दोन्ही बाजूंनी' मधली दुसरी बाजू भगवंतरावांची होती. कुंदनला हलकं वाटायला हवं होतं. पियुषच्या बाजूला जेवढं शून्य, तेवढंच आपल्या बाजूला. हिशोब जुळला होता. पण हलकं वाटलं नाही. आतापर्यंत हेव्याला निदान एक माणूस होता, समोर बसणारा, गाडी चालवणारा. आता तो काढून घेतल्यावर तिचा होकार कुठंच पडलेला नव्हता, ना पियुषकडं, ना इथं. जन्मभर तो तिनं आपल्यापाशी ठेवला होता, आणि कोणासाठी ते विचारायची सोय नव्हती.

"मंग लाल दाबू का?"

"नका दाबू बाबा. तिलेच इचारा."

"कोणाले?"

"आचलले," कुंदन म्हणाला. नाव तोंडात नवं लागलं, पहिल्यांदा बोलल्यासारखं, कारण पहिल्यांदाच बोललं होतं.

पलीकडं वारा ऐकू येत होता आणि कोणीतरी बैलांना हाकत होतं. "बरं," भगवंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी बदललं होतं. "दुपारी करतो फोन. दुपारून ती मोकळी असते, गॅलरीत बसते झाडाजवळ."

फोन ठेवून कुंदन पडद्याकडं पाहत राहिला. दार उघडून पियुष आला, खांद्यावरची बॅग उतरवता उतरवता म्हणाला, "झाल्या का बे साऱ्या?"

"एक राह्यली."

"काहून?"

कुंदननं पडदा किंचित आपल्याकडं वळवला. तुटक रेघ तशीच होती. दुपार व्हायला अजून वेळ होता; आणि आपल्या घराच्या गॅलरीत झाड आहे, हे त्याला आठवत नव्हतं.